मारुती ८०० : इंजिन व क्लचचे दोषनिदान
मारुती ८०० ही छोटी मोटार भारतात डिसेंबर १९८३ पासून जानेवारी २०१४ पर्यंत बनत होती. तिच्या ७९६ सीसी इंजिनात तीनच सिलिंडर असल्याने एक बंद पडला तरी गाडी जोरात थरथरते. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत इंजिन चालू ठेवून, रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर काढतात. जी काढूनही आवाज बदलत नाही, तिचा सिलिंडर निकामी. प्लग आणि वायर ठीक असल्यास कॉम्प्रेशन मोजतात. ते कमी भरले, तर सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर रिंगा झिजलेल्या. न चढल्यास संशय व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटवर. निळा धूर ऑइल जळत असल्याचा, काळा जादा पेट्रोलचा.

क्लच केबलवर चालतो. चढावर इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी वेग घेत नाही, तेव्हा प्लेट घसरत असते. केबल फार ताणलेली असली तरी नेमके हेच घडते. म्हणून गिअरबॉक्स उतरवण्याआधी पेडलची ढिलाई पाहावी. गॅरेजात ही पायरी सर्रास गाळली जाते. रिव्हर्स टाकताना करकर झाल्यास क्लच पुरता सुटत नाही. पेडल दाबल्यावरच येणारी घरघर बहुधा रिलीज बेअरिंगची.