पडक्या घराला पहिला हात कुठं लावायचा?



आपल्या मिरजगावात आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर अजून दगड-मातीची, माळवदाची घरं उभी आहेत. काही बंद पडलीत, काहींत म्हातारी माणसं राहतात. घर दुरुस्त करायचं म्हटलं की पहिला विचार येतो गिलाव्याचा, रंगाचा, फरशीचा. पण पडक्या घराला पहिला हात कुठं लावायचा, हे आपल्यासारख्याच बायकांनी तीस वर्षांपूर्वी शिकून दाखवलं आहे. आज तो इतिहास ऐकू.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर अशी गावं क्षणात ढासळली. जवळजवळ आठ हजार माणसं गेली.

एवढी माणसं का गेली? घरं आपल्यासारखीच होती. भिंत दोन-अडीच फूट जाड, पण आतून एकसंध नाही. बाहेरून एक थर, आतून एक थर आणि मध्ये चिपा-माती. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा लांब दगड नाही. हादरा बसला की दोन्ही थर सुटले. आणि डोक्यावर माळवद! गळतं म्हणून दर पावसाळ्याआधी वर नवी पांढरी माती टाकायची, जुनी मात्र काढायची नाही. पिढ्यान्‌पिढ्या थर चढत गेले. हिशेब करून बघा: दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे दीडशे घनफूट, सुमारे सात टन वजन. एवढ्या ओझ्याखाली आपण लेकरं झोपवतो. जिथं लाकडी खांब-तुळयांचे सांधे पक्के होते, तिथं भिंती पडूनही वरचं माळवद पुष्कळदा खांबांवर टिकून राहिलं, हेही त्या वेळी दिसलं.

पुढं सरकारनं जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा कार्यक्रम हाती घेतला. पार उद्ध्वस्त झालेली गावं नव्या जागी वसवली. पण त्याहून कितीतरी जास्त, सुमारे दोन लाख घरं, जागेवरच दुरुस्त आणि मजबूत करायची होती. हे काम ठेकेदारानं नाही, घरमालकानं स्वतः करायचं होतं. मग लोकांना समजावणार कोण? त्यासाठी ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहाय्यक’ निवडल्या. हजाराहून अधिक गावांत या बायकांनी काम केलं. घरोघर जाऊन माहिती दिली, इंजिनिअरला प्रश्न विचारले, गवंड्याच्या कामावर लक्ष ठेवलं. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला, तेव्हा लातूरकडच्या बायका तिकडच्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या.

सगळंच गोड झालं असं नाही. लोकांच्या मनात दगडाची धास्ती बसली होती. पुष्कळांनी दुरुस्तीच्या पैशात शेजारी विटांची एक छोटी खोली बांधली आणि जुनं घर तसंच ठेवलं. वापर मात्र त्याचाही चालूच राहिला. म्हणजे खर्च झाला, धोका तिथंच राहिला. आपल्याकडंही हेच चालतं. पुढं पत्र्याची नवी खोली होते आणि मागच्या फुगलेल्या भिंतीखाली चूल पेटतच राहते.

त्या दुरुस्तीतून कामाचा जो क्रम हाती येतो, तो लक्षात ठेवा. आधी नुसतं बघा. भिंतीला पोट सुटलंय का, कोपऱ्यात उभी भेग आहे का, खांबाचं बूड किंवा तुळईचं टोक कुजलंय का. तसं असेल तर आत झोपणं आधी बंद करा. मग जाणत्या गवंड्याला आणि सुताराला दाखवा. खाली टेकू देऊन वरच्या मातीचं ओझं कमी करायचं, पन्हाळी मोकळ्या करून पाणी भिंतीपासून लांब काढायचं. नंतर खांब-तुळयांचे सांधे आवळायचे. मग भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून, त्यात वाकवलेला गज घालून काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना धरतात. कोपऱ्यांना जाळी मारून सिमेंटचा गिलावा करायचा. रंगाची पाळी सगळ्यात शेवटी.

हे काम एकटीनं अवघड जातं. बचत गटाच्या पुढच्या बैठकीला एवढंच करा: गटातल्या प्रत्येकीच्या घराला चौघी मिळून एक फेरी मारा, छत आणि कोपरे बघा, वहीत लिहा. सगळ्यात धोक्याचं घर कुणाचं ते ठरवा, आणि पहिलं कर्ज रंगाला नाही, त्या छताला द्या.