खोडाचा चुना कोणासाठी?

सिल्वासाहून खानवेलकडे निघाले की रस्त्याकडेच्या झाडांना खाली गेरू आणि वर चुना फासलेला दिसतो. हा कशासाठी, असे कोणालाही विचारा, उत्तर ठरलेले. वाळवी लागत नाही, किडा चढत नाही, ऊन बाधत नाही. आपल्या वाडवडिलांना शास्त्र कळत होते. माळी हेच सांगतो, शाळेतले गुरुजी हेच सांगतात आणि पर्यावरणदिनी व्यासपीठावर आलेले पाहुणेही हेच सांगतात. पूर्वपक्षाच्या बाजूने इतकी माणसे उभी असली की तो तपासायचा राहून जातो.

आधी वाळवी घेऊ. पावसाळा सरला की जुन्या आंब्याच्या किंवा ऐनाच्या खोडावर मातीचा पातळ गिलावा चढतो. तो नखाने खरवडून पाहावा. आत पांढुरक्या कामकरी वाळव्यांची धावपळ उडते. त्यांनी खाल्लेले असतात ते सालीचे वरचे, मेलेले, बुचासारखे पापुद्रे. त्याखाली चाकूचे टोक लावले तर हिरवी ओल लागते. धडधाकट झाडाचे वाळवी सहसा काही बिघडवत नाही. ती मेलेल्या लाकडावर जगते आणि तिचे वारूळ असते जमिनीत. आता चुन्याचे पाहा. ताजा विरलेला चुना दाहक असतो हे खरे, पण हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत तो काही आठवड्यांत खडूच होतो. खडूत विष कसले? वाळवी आपला मातीचा बोगदा त्या पांढऱ्या पट्ट्यावरूनच वर नेते. चुन्याचा एक उपयोग मात्र मान्य करायला हवा. पांढऱ्यावर मातीची रेघ लांबूनही ओळखू येते, तेव्हा पाहणी करणाऱ्याचे काम सोपे होते. पण पाहणी करायला कोणी यावे तर लागते.

खोडकिड्याची, म्हणजे कोकणातल्या भिरुडाची गोष्ट याहून गमतीची आहे. आंब्याचे खोड पोखरणाऱ्या या किड्याचा भुंगेरा पावसाळ्याच्या सुमारास बाहेर पडतो आणि सालीच्या भेगांत अंडी घालतो. आपल्याकडे रंग चढतो तो 26 जानेवारी जवळ आली की, किंवा कोणा मोठ्या पाहुण्याचा दौरा ठरला की. दादरा नगर हवेलीत वर्षाला 2 हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. जानेवारीतला चुना जुलैपर्यंत धुऊन निघतो, म्हणजे किड्याचा हंगाम भरात येतो तेव्हा खोड उघडेच असते. एकदा अळी आत शिरली की वरून कितीही हात फिरवा. भोकात तार घालून तिला ओढून काढणे, असा आतलाच उपाय करावा लागतो.

उरले ऊन. थंड देशांत हिवाळ्यातल्या दुपारी कोवळ्या खोडाची एक बाजू तापते, रात्री तीच गोठते आणि साल फाटते. तिथे पांढरा रंग खरोखर कामाचा आहे. सिल्वासात पाणी गोठल्याचे कोणी पाहिलेले नाही. आपल्याकडे नुकत्याच लावलेल्या पातळ सालीच्या रोपाला किंवा खरड छाटणी केलेल्या आंब्याला उन्हाचा चटका बसतो, तेवढ्यापुरता चुना योग्यच. पण चाळीस वर्षांच्या जाड सालीच्या झाडाला छातीएवढ्या उंचीपर्यंत छत्री धरायची आणि वरचे खोड उन्हात ठेवायचे, यात शास्त्र कुठे आले? पट्ट्याची उंची माणसाचा हात किती पोचतो त्यावर ठरते. आणि रस्त्यापासून पन्नास पावले आत गेले की तोच साग, तोच मोह, तोच ऐन बिनचुन्याचा उभा असतो आणि नीट जगतो. चुना झाडाच्या प्रकृतीसाठी असता तर मोहाला तो सगळ्यांत आधी लागला असता, कारण आदिवासी घरात त्या झाडाइतकी किंमत फार थोड्या झाडांना आहे.

वाडवडिलांच्या शास्त्राबद्दलही बोलायला हवे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा स्वतंत्र अध्याय आहे. आजारी झाडाचा बिघडलेला भाग शस्त्राने काढावा, मग वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा, दूधपाणी शिंपावे, असे तिथे सांगितले आहे. सहावे शतक झाडाला तपासून औषध देत होते; सरसकट पट्टा ओढत नव्हते. काहींना गेरूवरचे पांढरे पाहून वारली भिंत आठवते. पण वारल्यांचे पांढरे तांदळाच्या पिठाचे असते.

मग हा समज रुजला कसा? माझा संशय बोर्डो पेस्टवर आहे. फ्रान्समध्ये बोर्दोच्या आसपास द्राक्षचोरांना भिववण्यासाठी बागाईतदार रस्त्यालगतच्या वेलींवर मोरचूद आणि चुना उडवत. मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले की नेमक्या त्याच वेली केवडा रोगातून वाचतात. 1885 साली त्याने हे मिश्रण प्रसिद्ध केले. आज नागपूर-अमरावतीकडच्या संत्राबागांत डिंक्या रोगावर हीच पेस्ट पावसाळ्यापूर्वी आणि नंतर खोडाला लावतात, जमिनीपासून साधारण मीटरभर, कारण रोगाचे बीज मातीत असते आणि पावसाच्या शिंतोड्यांबरोबर वर उडते. इथे उंचीलाही कारण आहे, वेळेलाही. यातले औषध मात्र मोरचूद. चुना त्याची आम्लता मारतो, म्हणजे पाला-साल भाजत नाही. बघणाऱ्याने मोरचूद सोडला आणि चुना तेवढा उचलला.

खंडन झाले, आता मंडन. खोडाचा पांढरा पट्टा गाडीवानासाठी आहे. दुसऱ्या महायुद्धात 1939 पासून ब्रिटनमध्ये रात्री दिवे बंद ठेवावे लागत, तेव्हा पदपथांच्या कडा आणि झाडे पांढरी करत, ती याच हेतूने. वापी-सिल्वासा पट्ट्यात कारखान्यांचे ट्रक रात्रभर धावतात, खानवेलकडचा रस्ता वळणांचा. तिथे डांबराला खेटून उभे असलेले झाड अंधारात दिसणे ही प्राणांची गोष्ट आहे. भिजलेला चुना मळकट होतो आणि ऐन पावसात कमी दिसतो, हे त्याचे व्यंग. तरी खोडात खिळे ठोकून चकाकत्या पट्ट्या बसवण्यापेक्षा तो शंभरपट बरा. पांढऱ्यावर क्रमांक घालून झाडे मोजता येतात, हा दुसरा हिशोबी फायदा. या दोन कारणांसाठी चुना जरूर लावावा, वळणावर तर आधी; फक्त त्या खर्चाला वृक्षसंवर्धन म्हणू नये.

उलट टोकाला गेलेल्यांचेही पटत नाही. चुन्याने झाड गुदमरते, असे हल्ली ऐकू येते. खोडाला वातरंध्रे असतात हे खरे, पण चुन्याचा थर सच्छिद्र असतो, खोड जाड होते तसा तडकतो आणि पावसात जातो. ऑइलपेंटचे तसे नाही. त्याचा चिवट पापुद्रा सालीवर बसून राहतो, म्हणून तो नको. आणि गुदमरण्याचीच काळजी असेल तर नजर खाली, बुंध्याशी न्यावी. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचे मीटरभर काँक्रीट काढायला सांगितले होते. चुन्याची बादली घेऊन फिरणाऱ्या टोळीला एक पहारही द्यावी, म्हणजे पेव्हर ब्लॉकमध्ये चिणलेल्या बुंध्यांची गाठ पडेल तिथेच ते काम उरकेल.