माजाची वेळ

गावात वळू मोकळा फिरत असे तोवर गाय माजावर आली आहे हे ओळखण्याचे काम माणसाकडे नव्हते. कुणाच्या उत्तरक्रियेत वृषोत्सर्ग करून सोडलेला पोळ किंवा गावाने राखलेला वळू कळपाबरोबर गायरानात चरायचा. माजावरची गाय त्याला वासावरून कळायची आणि ती वेळेत भरली जायची. म्हशींसाठी हेच काम गावचा रेडा करी. वळू रेत पुरवत होता आणि वेळही तोच ओळखत होता. कृत्रिम रेतनाने यातले पहिले काम त्याच्याकडून काढून घेतले; दुसरे मात्र गोठ्यातल्या माणसावर येऊन पडले. या तंत्राच्या यशापयशाचा निम्माअधिक इतिहास त्या दुसऱ्या कामाचा आहे.

इटलीत लाझारो स्पालान्झानी याने १७८०च्या सुमारास कुत्रीवर कृत्रिम रेतनाचा प्रयोग यशस्वी केला. शेतीच्या जनावरांपर्यंत हे तंत्र आणण्याचे श्रेय रशियाच्या इल्या इव्हानोव्ह याला जाते; विसाव्या शतकाच्या आरंभी त्याने घोड्यांवर आणि पुढे गुरांवर पद्धतशीर काम केले. १९३६ मध्ये डेन्मार्कच्या शेतकऱ्यांनी कृत्रिम रेतनाची सहकारी संस्था काढली. गुदमार्गातून हात घालून गर्भाशयाचे मुख धरायचे आणि नळी आत न्यायची, ही आज सगळीकडे रुळलेली रीतही तिथल्याच पशुवैद्यकांची. वेळेचा हिशेब अमेरिकेत बसला. नेब्रास्कात जॉर्ज ट्रिम्बर्गर याने १९४०च्या दशकात गाईंच्या नोंदी ठेवून दाखवले, की सकाळी माजावर दिसलेली गाय त्याच संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसलेली दुसऱ्या दिवशी सकाळी भरवली, तर गाभण राहण्याची शक्यता सर्वांत चांगली असते. बीजांड माज ओसरल्यावर दहा-बारा तासांनी सुटते, हे त्यामागचे कारण. गावोगावचे तंत्रज्ञ आजही हाच नियम सांगतात.

भारतात पहिला प्रयोग १९३९ मध्ये म्हैसूरच्या पॅलेस डेअरीत संपत कुमारन यांनी हळ्ळीकर गाईंवर केला. १९४२ पासून इज्जतनगरच्या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत त्याचा रीतसर अभ्यास सुरू झाला आणि १९४३ मध्ये अलाहाबादच्या कृषी संस्थेत या पद्धतीने म्हशीचे पहिले रेडकू जन्मले. पहिल्या पंचवार्षिक योजनेतील ‘की व्हिलेज’ योजनेने रेतन केंद्रे खेड्यांपर्यंत नेली. पण रेत बर्फात ठेवलेले असे आणि जेमतेम दोन-तीन दिवस टिके. शिवाय गाय चालवत केंद्रावर न्यावी लागे. सुगीच्या दिवसांत त्यासाठी घरातला एक माणूस मोकळा करायचा, आणि पोचेपर्यंत माज उतरलेला असायचा. शेतकऱ्याने पाठ फिरवली ती अडाणीपणामुळे, असे त्या काळी सर्रास म्हटले गेले. ते अन्यायाचे होते.

पहिली अडचण इंग्लंडमधल्या शोधाने सुटली. ग्लिसरिनमध्ये शुक्राणू गोठूनही जिवंत राहतात हे १९४९ मध्ये ख्रिस्तोफर पोल्ज आणि सहकाऱ्यांना आढळले, आणि पुढच्या काही वर्षांतच गोठवलेल्या रेताचे पहिले वासरू जन्मले. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये रेत वर्षानुवर्षे टिकू लागले. दुसरी अडचण सोडवण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९४६ मध्ये गांधीजींबरोबर उरुळी कांचनला आलेले मणिभाई देसाई तिथेच राहिले, त्यांनी गीर गाईंचा कळप उभा केला आणि १९६७ मध्ये ‘बाएफ’ ही संस्था स्थापली. होल्स्टीन आणि जर्सी वळूंचे रेत वापरून संकरित कालवडी तयार करणे हे तिचे सुरुवातीचे मुख्य काम. संस्थेने गाय केंद्रावर बोलावली नाही. तंत्रज्ञच नायट्रोजनचे भांडे मोटारसायकलवर बांधून गोठ्यात जाऊ लागला. पश्चिम महाराष्ट्रातल्या दूधधंद्याच्या वाढीत या दारापर्यंतच्या सेवेचे मोल फार मोठे आहे.

तंत्रज्ञ दारात येतो खरा, पण त्याला बोलवायचे कधी हे घरातच ठरते. गाईचे ऋतुचक्र साधारण २१ दिवसांचे आणि माज १२ ते १८ तासांचा. तेवढ्या वेळात गाय हंबरते, खाणे कमी करते, पान्हा चोरते, वारंवार थोडे थोडे मुतते, दुसऱ्या गाईवर उडते. दुसरी तिच्यावर उडाली आणि ती हलली नाही, तर माज पक्का. निरणातून काचेसारखा स्वच्छ, तुटता न तुटणारा सोट लोंबतो आणि शेपटीला चिकटून वाळतो. पहाटे धार काढायला बसणाऱ्या बाईला हे सर्वांत आधी दिसते. संस्थांची प्रशिक्षणे मात्र कित्येक वर्षे घरातल्या पुरुषांनाच बोलावत राहिली, आणि ही चूक महागात पडली. दावणीला बांधलेल्या एकट्या गाईत उडणे दिसत नाही, तिथे तर सारी भिस्त या बारीक खुणांवरच असते. म्हशीचे आणखी कठीण: ती उडत नाही, फारशी ओरडत नाही, उन्हाळ्यात तिचा माज मुका होतो आणि बऱ्याचदा रात्री येऊन जातो. एक माज हुकला, की तीन आठवड्यांचा चारा-पेंड अंगावर पडतो. गाय पुन्हा पुन्हा उलटत राहिली, तर भाकडकाळ लांबत जातो.

पुढे या नजरेला पर्याय शोधले गेले. १९७०च्या दशकापासून प्रोस्टाग्लँडिनच्या इंजेक्शनाने अनेक गाई एकाच वेळी माजावर आणता येऊ लागल्या. इस्राएलमध्ये पायाला बांधायची पावले मोजणारी उपकरणे निघाली, कारण माजावरची गाय अस्वस्थ होऊन जास्त चालते. मोठ्या गोठ्यांना ती परवडतात. दोन-तीन जनावरांच्या घरात त्यांचा शिरकाव नाही. बहुतेक कालवडीच होतील अशी लिंगनिश्चित रेताची कांडी आता महाराष्ट्रातही मिळते. नेहमीच्या कांडीत सुमारे दोन कोटी शुक्राणू असतात, तर या कांडीत वीसएक लाखच, त्यामुळे तिच्यासाठी माजाची वेळ पूर्वीपेक्षाही काटेकोर पाळावी लागते.