बारा पायऱ्यांचा कार्यक्रम: अमली पदार्थांचे व्यसन सुटल्यावर पुढे काय?

गर्द म्हणजेच ब्राउन शुगर, एमडी किंवा झोपेच्या गोळ्यांचे व्यसन असलेला रुग्ण दवाखान्यात दाखल होतो. काही दिवसांत टर्की, म्हणजे नशा बंद केल्यावरचा त्रास, ओसरतो आणि घरच्यांना वाटते, "सुटला एकदाचा!" पण शरीरातून नशा गेली तरी मनातली ओढ राहते. त्या ओढीशी रोज सामना करायला अनेकांना बारा पायऱ्यांचा आध्यात्मिक कार्यक्रम उपयोगी पडतो.

हा कार्यक्रम कुठून आला?

१९३५ साली अमेरिकेत दारूच्या व्यसनासाठी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस (एए) सुरू झाले. त्याच धर्तीवर १९५३ मध्ये कॅलिफोर्नियात नार्कोटिक्स अॅनॉनिमस (एनए) उभे राहिले. सभेला फी नसते आणि सभासदांची ओळख गुप्त ठेवली जाते. नशा थांबवण्याची इच्छा ही एकच अट असते.

बारा पायऱ्यांत काय करायचे असते?

- पायरी १ ते ३: नशेपुढे आपले काही चालत नाही हे मान्य करणे, मदत मिळू शकते यावर विश्वास ठेवणे आणि आपला हेका सोडणे.
- पायरी ४ ते ७: स्वतःचा राग, भीती, खोटेपणा प्रामाणिकपणे लिहून काढणे, ते विश्वासातल्या व्यक्तीला सांगणे आणि बदलायची तयारी करणे.
- पायरी ८ आणि ९: ज्यांना दुखावले त्यांची यादी करून शक्य तिथे भरपाई करणे. मात्र त्यामुळे कुणाला नव्याने इजा होणार असेल तर तिथे थांबायचे.
- पायरी १० ते १२: रोज स्वतःला तपासणे, प्रार्थना किंवा ध्यान करणे आणि दुसऱ्या व्यसनी माणसाला मदत करणे.

ही वाटचाल एकट्याने करायची नसते. आधी या पायऱ्या केलेला जुना सभासद 'स्पॉन्सर' म्हणून सोबत असतो. चौथ्या पायरीत जुन्या आठवणींनी मन फार खचू शकते. तेव्हा स्पॉन्सरसोबत डॉक्टरांनाही सांगा.

देव मानत नसल्यास?

'उच्च शक्ती' कशाला मानायचे हे ज्याने त्याने ठरवायचे. नागपुरात कुणी टेकडीच्या गणपतीला जातो, कुणी ताजबागला, तर कुणी दीक्षाभूमीवर. देव न मानणारे अनेक सभासद गटालाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानतात. धर्म बदलण्याचा किंवा कुणाला गुरू करण्याचा इथे प्रश्नच नाही.

औषधांची जागा कोणती?

२०२० च्या कॉक्रेन आढाव्यात दारू पूर्ण बंद ठेवण्यासाठी हा मार्ग इतर उपचारांइतका किंवा त्याहून अधिक उपयोगी दिसला. इतर अमली पदार्थांबाबत पुरावा कमी आहे. म्हणून हा कार्यक्रम उपचारांच्या जोडीने करा.

गर्दच्या व्यसनासाठी ब्युप्रेनॉर्फिन सुरू असेल, तर "गोळी घेतोस म्हणजे तू क्लीन नाहीस" असे कुणी म्हटल्यावर ती बंद करू नका. त्या गोळीने पुन्हा नशा करण्याचा आणि मृत्यूचा धोका कमी होतो. औषधाचा निर्णय डॉक्टरांसोबतच घ्या.

घरच्यांनी काय करावे?

- उधारी फेडणे, खोटी कारणे सांगणे थांबवा. जेवण, उपचार आणि माया थांबवू नका.
- सभेची वेळ घरात सगळ्यांनी पाळा. त्या वेळेला दुसरे काम सांगू नका.
- स्वतःसाठीही आधार शोधा. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणमध्ये रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट आहे. एनएच्या धर्तीवर कुटुंबीयांसाठी नार-अॅनॉन आहे.

ताबडतोब मदत कधी घ्यावी?

- काही दिवस नशा बंद राहिली की शरीराची सहनशक्ती घटते. अशा वेळी पूर्वीइतकाच डोस घेतला तर जीव जाऊ शकतो. श्वास मंद होणे, ओठ निळे पडणे, हाक मारूनही न उठणे दिसल्यास लगेच १०८ ला फोन करा.
- दारू किंवा झोपेच्या गोळ्या एकदम बंद केल्यास फिट येऊ शकते. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडा.
- आत्महत्येचे विचार येत असल्यास टेली-मानस १४४१६ वर बोला. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे.

पुन्हा नशा झाली तर ती लपवू नका. त्याच दिवशी स्पॉन्सरला सांगा, डॉक्टरांना भेटा आणि पुढच्या सभेला जा. मधुमेहात साखर वाढली म्हणून आपण उपचार सोडत नाही. इथेही तेच लागू आहे.