जोगलटेंभीचा ठेवा आणि लिलावातली बोली

जुनी नाणी आणि नोटा यांच्या लिलावावर बोलायला कामगार संघटनेतली माणसे कशी उभी राहिली, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आला असेल. आमचा सारा जन्म पगार, महागाई भत्ता आणि बोनस यांच्या हिशेबात गेला. ज्या पैशासाठी आम्ही भांडत आलो तो पैसा पूर्वी कसा होता, तो कोण पाडी, कोण मोजी, हे जाणून घ्यावे असे वाटू लागले आणि फावल्या वेळी वाचनालयात बसून जेवढे वाचता आले तेवढे वाचले. शाळेतले आमचे शिक्षण थोडे. तेव्हा पंडितांनी सांभाळून घ्यावे. शिवाय या विषयावर नाशिककराने बोलायचे नाही तर कोणी बोलायचे? देशाच्या नोटा नाशिकरोडला छापल्या जातात, आणि पांडवलेण्यांच्या भिंतीवर जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा व्याजाचा हिशेब कोरलेला आहे.

प्रथम लिलावाची रीत सांगतो. लिलावापूर्वी छापील सूची निघते. तीत प्रत्येक नाण्याला किंवा नाण्यांच्या गटाला क्रमांक असतो. त्याला लॉट म्हणतात. पुढे वजन, धातू, राजाचे नाव, टांकसाळ, दर्जा आणि अंदाजे किंमत. लिलावाच्या आधी माल पाहायला ठेवतात. शहाणा गिऱ्हाईक त्या वेळी भिंग आणि वजनकाटा घेऊन जातो, आणि किती रकमेपर्यंत जायचे तो आकडा घरीच कागदावर लिहून ठेवतो. कारण बोली सुरू झाली की माणसाचे डोके ठिकाणावर राहत नाही. शेजारचा हात वर गेला की आपलाही जातो. आणखी एक गोष्ट नवखा माणूस विसरतो. हातोडा पडतो ती शेवटची किंमत नव्हे. तिच्यावर लिलाव करणाऱ्याची टक्केवारी असते आणि कर असतो. समजा, बोली १०,००० रुपयांवर थांबली आणि टक्केवारी २० असली, तर १२,००० झाले, कर वेगळा.

आता किंमत कशावर ठरते? पहिली गोष्ट, ती वस्तू किती थोडी उरली आहे. दुसरी, ती किती कोरी आहे. जो रुपया टांकसाळीतून निघाला तसाच पेटीत पडून राहिला, ज्याने कधी बाजार पाहिला नाही, मजुराच्या मुठीतला घाम पाहिला नाही, त्याला सर्वांत वरचा दर्जा. जो हजार हातांतून फिरला, ज्याने कुणाचे धान्य आणले, कुणाचे औषध आणले, तो झिजला म्हणून खालच्या दर्जाचा. आयुष्यभर काम केलेल्या नाण्याला कमी आणि कामच न केलेल्याला अधिक, हा न्याय आम्हां कामगारांना जरा चमत्कारिक वाटतो. पण बाजाराचा नियम आहे, त्यावर रागावून भागत नाही. मात्र आयाबहिणींना एक विनंती. लक्ष्मीपूजनाला देव्हाऱ्यातले जुने रुपये चिंच लावून लख्ख घासण्याची आपली रीत आहे. पूजेच्या रुपयाचे काही बोलत नाही, पण जुने नाणे घासले की त्याचा वरचा थर जातो, अक्षरे बोथट होतात आणि जाणता गिऱ्हाईक ते पाहताच खाली ठेवतो.

नोटांच्या बाबतीत तर याहून मौज आहे. छपाईत चूक झालेली नोट, म्हणजे आकडा सरकलेला, कागद दुमडून चुकीचा कापलेला, एक बाजू कोरी राहिलेली, तपासणीतून निसटून बाहेर आली की तिच्यावर लिलावात बोली चढते. छापखान्यात ज्या चुकीसाठी कामगाराला जाब विचारतात तीच चूक बाहेर संग्राहकाचे भूषण ठरते! चुकलेल्या नोटेऐवजी घातलेली नोट ओळखता यावी म्हणून रिझर्व्ह बँकेने २००६ साली काही नोटांच्या क्रमांकात तारा छापायला आरंभ केला, आणि लोक त्याही जमवू लागले.

नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस १९२५ साली सुरू झाला आणि १९२८ पासून तेथे नोटा छापल्या जाऊ लागल्या. त्यापूर्वी भारताच्या नोटा इंग्लंडात छापून जहाजाने येत. १९३२ पर्यंत सगळ्या किमतींच्या भारतीय नोटा नाशिकलाच छापल्या जाऊ लागल्या. इथल्या कामगारांच्या हातांनी छापलेल्या काही नोटा आज संग्राहकांच्या मोठ्या आवडीच्या आहेत. १९५९ साली आखाती देशांत चालवण्यासाठी निराळ्या रंगांच्या नोटा काढल्या, आणि हज यात्रेकरूंसाठी १० आणि १०० रुपयांच्या वेगळ्या नोटा काढल्या. पण आमचे मन सर्वांत जास्त थांबते ते फाळणीच्या नोटांपाशी. पाकिस्तान झाले तेव्हा त्याच्याजवळ नोटा छापण्याची सोय नव्हती. ठरावाप्रमाणे काही महिने रिझर्व्ह बँकच दोन्ही देशांची बँक होती. तेव्हा सहाव्या जॉर्जचे चित्र असलेल्या भारतीय नोटांवर इंग्रजीत आणि उर्दूत पाकिस्तान सरकारचे नाव छापून १, २, ५, १० आणि १०० रुपयांच्या नोटा दिल्या गेल्या. हे काम नाशिकच्या छापखान्यात झाले. १ जुलै १९४८ ला पाकिस्तानची स्वतःची स्टेट बँक सुरू झाली. म्हणजे सिंधमधून उखडलेली कुटुंबे देवळालीला येऊन उतरत होती त्याच सुमारास, दोन-चार मैलांवर, ज्या देशातून ती आली त्या देशाचा पैसा तयार होत होता. सूचीत या नोटेपुढे दर्जा आणि अंदाजे किंमत असते. एवढी गोष्ट तिथे मावत नाही.

आता मूळ विषयाकडे वळू. १९०६ साली सिन्नर तालुक्यात, दारणा आणि गोदावरी जिथे मिळतात तिथल्या जोगलटेंभी गावी, चांदीच्या नाण्यांचा मोठा ठेवा सापडला. थोडाथोडका नव्हे, तेरा हजारांहून अधिक नाणी! क्षहरात वंशातल्या नहपान राजाची. एक एक नाणे सुमारे दोन ग्रॅमचे. एका बाजूला राजाचा मुखवटा आणि कडेने ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूला बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींत राजाचे नाव. तत्पूर्वी नहपानाची नाणी फार थोडी ठाऊक होती. रेव्हरंड स्कॉट या मिशनरी गृहस्थाने हा ठेवा तपासला आणि मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर लिहिले. त्याने आपल्या दृष्टीने फार मोठे काम केले. त्याने नाणी मोजली.

मोजल्यावर काय दिसले? दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर दुसरा छाप मारलेला होता. नहपानाच्या तोंडावरच तीन कमानींचे चैत्य, खाली नागमोडी रेघ, भोवती गौतमीपुत्र सातकर्णीचे नाव. आणि दुसऱ्या बाजूला उज्जैनचे म्हणून ओळखले जाणारे चिन्ह. सातवाहन राजाने नहपानाला जिंकले, त्याचा पैसा हाती घेतला, आणि तो वितळवण्याची खटपट न करता त्याच चांदीवर आपला ठसा उमटवून पुन्हा बाजारात सोडला. पांडवलेण्यांच्या तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राची आई बलश्री हिने आपल्या मुलाचे पराक्रम कोरून ठेवले आहेत. त्यांत त्याने क्षहरातांचा निर्वंश केला असे म्हटले आहे. आईने मुलाची केलेली स्तुती, तेव्हा इतिहासकार तिच्यावर कितपत विसंबणार? पण जोगलटेंभीच्या नाण्यांनी तिची साक्ष काढली.

हे एका नाण्यावरून कळले असते का? एका नाण्यावर दुहेरी छाप दिसला असता; कुणी म्हणाला असता, एखाद्या टांकसाळवाल्याचा चाळा असेल. शंभर नाणी मुंबईला, पन्नास पुण्याला, दोनशे सोनाराच्या मुशीत, अशी ती वाटली गेली असती तर किती नाण्यांवर छाप आहे आणि किती कोरी आहेत हे प्रमाण कुणालाच समजले नसते. नहपानाचे मुखवटेही एकसारखे नाहीत. कुठे तरुण, कुठे गाल बसलेला म्हातारा. तेही ढिगाऱ्याने पाहिले म्हणून ध्यानात आले. लिलावात मात्र प्रत्येक नाण्याची किंमत सुटी सुटी होते, आणि ठेवा फुटला की विक्रेत्याचे काही बिघडत नाही.

याच नहपानाचा जावई उषवदात. दहाव्या लेण्यातला त्याचा लेख आम्हांला फार आवडतो, आणि त्याचे कारण आमच्या धंद्यातले आहे. त्याने लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण ठेव म्हणून दिले. कुणाकडे? सावकाराकडे नव्हे, राजाच्या खजिन्यातही नव्हे. गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे आजच्या भाषेत विणकरांच्या संघांकडे. २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, १,००० दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, व्याज तेवढे खायचे. पहिल्या रकमेचे व्याज वर्षाला २४० होते. आणि लेखात वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यायचे आहेत. हिशेब पैला पै जुळतो. गोवर्धन म्हणजे गंगापूर रस्त्यावरचे आपले गोवर्धन गाव, असेच जाणकार समजतात. राजाच्या जावयाने पैसा ठेवायला विणकरांचा संघ निवडावा, ही गोष्ट आम्ही सभासदांना पुष्कळदा सांगितली आहे. वर्गणी वसूल करताना तिचा उपयोग होतो!

मग जमिनीतला ठेवा पहिल्यांदा कुणाच्या हाती लागतो याचा विचार करा. पायाचे खोदकाम, विहीर, चारी, नांगरट. मजुराच्या किंवा शेतकऱ्याच्या हाती. त्याच्यासाठी कायदा आहे तो १८७८ चा. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचे. न कळवल्यास वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मालक ठरला नाही आणि जमीनवाल्याशी करार नसला, तर सापडणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनवाल्याला एक. इथवर ठीक आहे. पण सरकारने ठेवा स्वतःकडे घ्यायचा ठरवला तर मोबदला धातूच्या किमतीवर, अधिक तिचा पाचवा हिस्सा. दोन हजार वर्षांच्या नाण्याला चांदीचा भाव आणि वर वीस टक्के! इंग्लंडात १९९६ च्या कायद्याप्रमाणे मोबदला बाजारभावाने ठरतो, आणि तो ठरवायला जाणकारांची समिती असते. आपल्याकडे मजूर हिशेब करतो: कळवले तर कचेरीच्या फेऱ्या, रोजगार बुडणार, आणि मिळाले तर चांदीच्या भावाने. सोनार तोच भाव आज संध्याकाळी रोख देतो. ठेवा मुशीत जातो. किंवा दलालामार्फत सुटा होऊन, गावाचे नाव पुसून, फिरत फिरत सूचीत येतो. सापडणाऱ्याला बाजारभाव देणारी दुरुस्ती या कायद्यात व्हावी, ही मागणी इतिहासाच्या परिषदांइतकीच कामगारांच्या सभांतूनही यायला हवी, असे आमचे मत आहे.

विकत घेणाऱ्यालाही काही बंधने आहेत. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते. त्याचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला ते परदेशी पाठवता येत नाही. घेताना पावती मागावी, आणि हे नाणे पूर्वी कुणाच्या संग्रहात होते तेही विचारावे. खोटी नाणी पुष्कळ आहेत. खरे जुने नाणे ठशावर ठोकलेले असते. साच्यात ओतलेल्या खोट्या नाण्याच्या कडेला पुष्कळदा सांध्याची बारीक रेघ दिसते आणि वजन जमत नाही.

एका जातीच्या फसवणुकीविषयी बोलल्यावाचून राहवत नाही. घरातल्या जुन्या पाच रुपयांच्या नोटेला लाखो रुपये देतो, अशा जाहिराती फोनवर येतात. आमच्या एका सेवानिवृत्त सभासदाला असेच सांगण्यात आले. मग नोंदणीचे पैसे, मग कराचे पैसे, मग दलाली, असे करीत त्यांच्या प्रॉव्हिडंट फंडातले बरेच पैसे गेले. नोट अजून त्यांच्या कपाटात आहे. अशा व्यवहारांत आपले नाव खोटेपणाने वापरले जाते, आपण कसलीही दलाली मागत नाही, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. खऱ्या लिलावात विकणाऱ्याची टक्केवारी विक्रीच्या रकमेतून वळती होते. आगाऊ पैसे मागणारा दिसला की फोन ठेवून द्यावा.

त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीला १९८० साली स्थापन झालेली नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, डॉ. परमेश्वरीलाल गुप्त तिचे पहिले संचालक. सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन अंजनेरीचा डोंगर चढायला जाणारी मंडळी पुष्कळ. त्यांनी हेही नाव ध्यानात ठेवावे. आणि आपल्यापैकी कुणाच्या घरी चांदवडी रुपया, गुलशनाबाद नाशिकचा रुपया किंवा शिवराई असेल, तर ती घासू नका. एका कागदी पाकिटात घाला आणि वर लिहा: कोणत्या गावची, कोणाकडून आली, बरोबर आणखी किती होती. नहपानाची नाणी आजही लिलावात येतात. सूचीत त्यांचे वजन असते, दर्जा असतो, दुहेरी छाप असल्यास तोही सांगितलेला असतो. जोगलटेंभी हे नाव क्वचितच असते.