एक मैदान, दोन पेठा

कोल्हापूर म्हणजे कुस्ती, असें बाहेरचा माणूस समजतो. आणि त्यांत त्याची चूकही नाहीं. शाहू छत्रपतींनीं बांधविलेलें खासबाग मैदान १९१२ सालीं पुरें झालें. परंतु ज्या तालमींनीं मल्ल घडविले, त्यांच्याच नांवानें पुढें या शहरांत फुटबॉलचे संघ निघाले, हें अन्यत्र क्वचितच आढळेल. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम हीं संघांचीं नांवें होत, आणि प्रत्येक नांवामागें एक पेठ उभी असते.

मंगळवार पेठ व शिवाजी पेठ यांची चुरस तर प्रसिद्धच. तथापि कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगमधील सोळाही संघ एका शाहू स्टेडियमवरच उतरतात. तेथें यजमान कोणी नाहीं, पाहुणाही कोणी नाहीं. हरलेल्यास परक्या मैदानाचें निमित्त सांगण्याची सोय उरत नाहीं. तापही याच गोष्टीचा! दोन्ही पेठा एकाच आवारांत बसल्यावर मैदानांतली ठिणगी प्रेक्षकांत पडावयास कितीसा वेळ लागणार? मग पोलिसांस मध्यें उभें राहावें लागतें.

युरोपांत याच जातीचें मोठें उदाहरण इटलींतील मिलान शहराचें. तेथील सान सिरो स्टेडियम नगरपालिकेनें १९३५ सालीं विकत घेतलें, आणि १९४७ पासून ए. सी. मिलान व इंटर हे हाडवैरी तेथें एकत्र नांदले. २०२५ सालीं पालिकेनें तें दोघांस मिळून विकलें. वैऱ्यांनीं भागींत घर घ्यावें, हें नवलच म्हणावयाचें!

कोल्हापुरास असा व्यवहार अद्याप सुचलेला नाहीं. पावसाळा सरला कीं दोन्ही पेठा पुन्हा त्याच मैदानाची वाट धरतात.