संमती : अल्पसाक्षर समाजातील आरोग्य-संशोधनासाठी

संशोधनाचा हेतू, त्यातील तपासण्या, संभाव्य धोके आणि नाही म्हणण्याचा हक्क समजून घेऊन, दबावाविना दिलेल्या होकाराला माहितीपूर्ण संमती म्हणतात. सहभागी व्यक्तीला माहितीपत्रक वाचता येत नसेल, तर ही संमती मुख्यतः तोंडी बोलण्यातूनच मिळवावी लागते.

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात संमतीच्या या प्रश्नाला दीर्घ पार्श्वभूमी आहे. डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९७० च्या दशकात वढू बुद्रुक येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, आणि २००२ पासून शिरूर व हवेली तालुक्यांतील २२ गावांत जन्म, मृत्यू व स्थलांतर यांची नियमित नोंद होऊ लागली. जिथे उपचार व संशोधन एकाच संस्थेकडून होतात, अशा कोणत्याही गावात या दोहोंतील भेद कुटुंबाच्या सहज ध्यानात येत नाही. ‘डॉक्टर सांगतात ते भल्याचंच’ या विश्वासापोटी दिलेला होकार प्रामाणिक असला, तरी तो माहितीपूर्ण असेलच असे नाही. शिवाय सोसायटीचे कर्ज किंवा जमिनीचा व्यवहार यांत अंगठ्याने माणूस बांधला जातो, हा ग्रामीण अनुभव असल्याने संमतिपत्रावर अंगठा उठवल्यानंतरही केव्हाही माघार घेता येते, हे आवर्जून सांगावे लागते.

समजावण्याची रीत येथे निर्णायक ठरते. कोणाला कोणते औषध मिळेल हे दैवयोगाने ठरवण्याची पद्धत, म्हणजे यादृच्छिक विभागणी, ‘चिठ्ठ्या टाकून ठरवणार’ असे म्हटल्यावर कळते. पाच मिलिलिटर रक्त म्हणजे चहाचा एक चमचा, असे दाखवता येते. त्यानंतर ‘समजलं का?’ असे विचारणे व्यर्थ आहे, कारण घरी आलेल्या पाहुण्याला नाही म्हणणे जड जाते. त्याऐवजी ऐकलेले सहभागी व्यक्तीने स्वतःच्या शब्दांत सांगावे, हीच खरी कसोटी होय.

नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियम, २०१९ यांनुसार, लिहिता-वाचता न येणाऱ्या व्यक्तीच्या संमतीवेळी संशोधनाशी संबंध नसलेला निःपक्ष साक्षीदार संपूर्ण प्रक्रियेत हजर राहून सही करतो. नवीन रासायनिक घटकाच्या चाचणीत दुर्बल स्थितीतील सहभागींच्या संमतीचे दृक्-श्राव्य चित्रणही बंधनकारक आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गावप्रमुखाची परवानगी व्यक्तीच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. दौंडसारख्या उसाच्या पट्ट्यात हे तत्त्व विशेष जपावे लागते, कारण ज्या मुकादमाकडून उचल घेतली, त्याच्यासमोर ऊसतोड कामगाराला नकार देणे कठीण असते. व्यक्तीऐवजी दुसऱ्यानेच होकार देण्याचा धोकाही काल्पनिक नाही : २००९ मध्ये सुरू झालेल्या एचपीव्ही लसीच्या प्रकल्पात तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात मुलींच्या अनेक संमतिपत्रांवर वसतिगृहांच्या अधीक्षकांनीच सह्या केल्याचे संसदीय समितीच्या २०१३ च्या अहवालात नमूद आहे.

संमती एकदाच घेऊन संपत नाही. अभ्यासाची पद्धत बदलली किंवा साठवलेले रक्त मूळ संमतीत नसलेल्या अभ्यासासाठी वापरायचे झाले, तर नीतिमत्ता समितीपुढे तो प्रश्न पुन्हा न्यावा लागतो आणि बहुधा सहभागी व्यक्तीच्या उंबऱ्यावर पुन्हा जाऊन विचारावे लागते.